मनातलं विचारा : आईच्या पाण्यावर पहारा

यावेळच्या पत्रांत तीन पत्रं एकाच जातीची निघाली. घरात मोठं माणूस आजारी आणि सांभाळणारं मूल अजून शाळा-कॉलेजात. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका. गावं काढून टाकलीत आणि पत्रं थोडी छोटी केलीत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी अकरावी सायन्सला आहे, वय १६. आईच्या दोन्ही किडन्या गेल्यात, दीड वर्ष झालं डायलिसिस चालू आहे, सोमवार बुधवार शुक्रवार. पप्पा ट्रकवर असतात, आठ आठ दिवस घरी नसतात. दादा पुण्याला कंपनीत आहे, तो पैसे पाठवतो. आईला नेणं आणणं, स्वयंपाक, तिच्या गोळ्या, तिची भाजी उकळून पाणी टाकून परत करणं, सगळं मीच करते आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण पाण्याचं खूप होतं. डॉक्टरांनी दिवसाला एकच लिटर सांगितलंय, मी सकाळी बाटली भरून ठेवते. मागच्या महिन्यात रात्री उठले तर ती अंधारात माठाजवळ बसून तांब्याने पाणी पीत होती. मी तांब्या हिसकावला, भिंतीवर फेकला आणि म्हणाले मरायचंय तर एकदाची मर. ती काहीच बोलली नाही, फडकं आणून फरशी पुसत बसली. तेव्हापासून मला झोप नाही. रात्री तीन-चारदा उठून तिच्या हाताच्या फिस्टुलाला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली हातातली नस) बोटं लावून बघते, थरथर लागली की मग पडते. आत्या म्हणते पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भर आणि घरी बसून बारावी कर. आणि सगळे म्हणतात हिला १८ पूर्ण झाली की हीच देईल किडनी, गुणाची पोर आहे. मी हो म्हणते. भीती वाटते पण सांगू कोणाला. मी वाईट आहे का?

उत्तर : नाही गं. आधी हे वाच, मग बाकीचं.

तुला माझं सांगते. मी नववीत असताना माझ्या बाबांना इन्सुलिन मी द्यायचे. तेव्हा आमच्याकडे काचेची सिरिंज होती, रोज सकाळी छोट्या पातेल्यात उकळायची, आणि शाळेला उशीर होत असायचा आणि ते पातेलं काही केल्या उकळायचं नाही. रात्री बाबांची शुगर एकदम उतरायची म्हणून साखरेचा डबा उशाशी घेऊन मी झोपायचे. एकदा रात्री दोन वाजता घामाने भिजलेल्या बाबांच्या तोंडात साखर घालताना त्यांनी माझा हात झटकला (शुगर उतरली की माणूस चिडतंच, ते मला नंतर कळलं) आणि मी तो अख्खा डबा जमिनीवर ओतला आणि म्हणाले घ्या, खा आता. सकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. हे मी चाळीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं कारण नातेवाईकांत मी 'मुलगी नाही मुलगा आहे हा' म्हणून फेमस होते. एवढं कौतुक झाल्यावर साखर ओतल्याचं कुठल्या तोंडाने सांगायचं? तुझंही तेच झालंय. गुणाची पोर म्हणून सगळ्यांनी तुझं तोंड बंद करून टाकलंय, तेही पेढा भरवून.

आता तहानेचं बोलू, कारण ते नीट कळलं तर अर्धा राग जातो. डायलिसिसवरच्या माणसाची तहान ही आपल्यासारखी उन्हातनं आल्यावरची नसते. किडनी मीठ आणि पाणी बाहेर टाकत नाही, अंगात मीठ साठतं आणि मेंदू सारखा सांगत राहतो पाणी पी पाणी पी. ते ऐकलं की दोन डायलिसिसच्या मध्ये वजन वाढतं, पाय सुजतात, पाणी फुप्फुसात गेलं की धाप लागते. तुला हे सगळं माहितीये, म्हणून तर तू घाबरलीस. तिला तहान सोसत नव्हती आणि तुला तिची धाप आठवत होती. त्या रात्री स्वयंपाकघरात दोघी घाबरलेल्या होत्या, त्यातली एक ओरडली.

पण एक गोष्ट मात्र बदलायला हवी, तू पाण्यावरचा पहारा सोड. ते काम तुझं नाहीये, ते आईचं आहे. ती आजारी आहे, लहान झालेली नाही. सकाळची बाटली तिनेच भरायची, तांब्याऐवजी चहाचा छोटा कप घ्यायचा, त्या एक लिटरमधलंच थोडं पाणी फ्रीजच्या ट्रेमध्ये टाकून बर्फाचे खडे करून ठेवायचे, एक खडा तोंडात बराच वेळ टिकतो. नुसती चूळ भरून टाकली तरी बरं वाटतं. आणि पापड लोणचं शेव घरात असेल तर ते आधी बघा, मीठ कमी झाल्याशिवाय तहान कमी होत नाही, मग पहारा कितीही कडक ठेवा. सकाळी वजन तिनेच करायचं आणि कॅलेंडरवर तिनेच लिहायचं. वाढलं तर रागवायला डायलिसिसचे टेक्निशियन आणि डॉक्टर आहेत, त्यांना सांग की हे तुम्ही तिच्याशी बोला, मी बोलले की आमचं भांडण होतं. ते लोक हे रोज बोलतात, त्यांना यात नवीन काही नाही.

फिस्टुलाचंही तसंच. थरथर बघणं बरोबरच आहे, पण ती आईला स्वतःच्या दुसऱ्या हाताने बघता येते. सकाळी एकदा, झोपताना एकदा. कधी लागलीच नाही तर लगेच सेंटरला फोन करायचा आणि रात्री धाप लागली तर १०८. हे दोन्ही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव आणि शेजारच्या एका काकूंना दाखवून ठेव. तू जागी राहिल्यामुळे आईचा फिस्टुला चालू राहतो असं कुठेतरी तुझ्या डोक्यात बसलंय. मीही असंच धरून बसले होते की मी जागी आहे तोवर बाबांना काही होणार नाही. दहावीच्या प्रिलिमला गणिताच्या पेपरात झोप लागली तेव्हा आईने मला त्या खोलीतून हलवलं आणि साखरेचा डबा आपल्या उशाशी घेतला. बाबा पुढे बावीस वर्षं जगले.

आता दादा. त्याचे पैसे येतात म्हणून घर चालतं, ते कमी लेखू नको. पण रात्री तीनला उठणं मनीऑर्डरने होत नाही. मुलगा कमवायला बाहेर आणि मुलगी करायला घरात, ही वाटणी कोणी बसून केलेली नसते, ती आपोआप झालेली असते म्हणून तर कोणाला खुपत नाही. त्याला फोन कर आणि 'मी दमले' असं म्हणू नको, त्यावर तो 'हो गं माहितीये' म्हणेल आणि फोन ठेवेल. त्याला कामच सांग. म्हणजे असं, सेंटरला विचार की मंगळवार गुरुवार शनिवारच्या शिफ्टमध्ये जागा आहे का. मिळाली तर शनिवार दादाचा, तो शुक्रवारी रात्री येईल, शनिवारी आईला नेईल, रविवारी जाईल. दर आठवड्याला नाही जमत तर एकाआड एक. राहिलेल्या दोन दिवसांतला एक आत्याचा. हो, आत्याचा, जिला १७ नंबरचा फॉर्म माहितीये तिला डायलिसिस सेंटरचा पत्ताही माहिती असू दे. १७ नंबरला मी नावं ठेवत नाही, कितीतरी पोरं त्यावर पुढे गेलीत, पण तुमच्या घरात त्याचा अर्थ एवढाच होईल की तू चोवीस तास घरी. कॉलेज हा तुझ्या दिवसातला एकटाच तुकडा आहे जिथे तुला कोणी आईची तब्येत विचारत नाही. तो सोडू नको. क्लासटीचरना मात्र एकदा सांगून ठेव म्हणजे हजेरीवरून ऐन परीक्षेत गोंधळ नको.

आणि किडनी. नीट ऐक. आपल्याकडे अवयवदानाचा कायदा १९९४ चा आहे आणि त्यात अगदी अपवाद सोडला तर १८ वर्षांखालच्या जिवंत माणसाचा अवयव घेता येत नाही. म्हणजे आज तू दिलेल्या 'हो'ला काही किंमत नाही, ते विसरून जा. १८ नंतरही संमती तुझीच लागते, पप्पांची नाही, आत्याची तर अजिबात नाही, आणि डॉक्टरांशी तू एकटीने बोलू शकतेस, घरचे बाहेर बसतील असं स्पष्ट सांगायचं. इतक्या तरुण मुलीची किडनी घ्यायला बरेच डॉक्टर स्वतःच मागेपुढे बघतात, तिचं पुढचं आयुष्य, बाळंतपणं हे सगळं असतं. मला प्रश्न पडलाय की पप्पा, मावशी, मामा, आणि तो वीस-बावीस वर्षांचा दादा, यांच्या तपासण्या झाल्या का? का आधीच सगळे तुझ्या अठराव्या वाढदिवसाची वाट बघत बसलेत? शिवाय मेंदूमृत व्यक्तीची किडनी मिळण्यासाठी वेटिंग लिस्ट असते, मुंबई पुणे नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी राज्यात चार विभागीय केंद्रं आहेत आणि नाव हॉस्पिटलमार्फत लागतं. आईचं नाव लागलंय का ते पुढच्या खेपेला विचार. वेळ लागतो, पण नाव लागलेलंच नसेल तर नंबर येणार कुठून.

आईशी त्या रात्रीबद्दल बोल. लांबलचक माफी नको. डायलिसिसला जाताना रिक्षात म्हण, आई त्या दिवशी मी घाबरले होते. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही, पण फरशी पुसत बसलेल्या बाईने तोच विचार शंभरदा केला असणार की पोरीवर किती ओझं टाकलंय मी.

झोप नाहीच आली, किंवा जगावंसंच वाटत नाही असं कधी डोक्यात आलं, तर १४४१६ लाव. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीसुद्धा. आणि मला परत पत्र लिही, त्यात आईबद्दल एक ओळ आणि बाकी सगळं तुझ्याबद्दल, चालेल?

प्रश्न : मला ब्रेस्ट कॅन्सर आहे. चार केमो झाल्या, दोन राहिल्यात. मुलगा १० वर्षांचा. त्याला आम्ही सांगितलंय की आईला इन्फेक्शन झालंय. तो आता फार शहाण्यासारखा वागतो, हट्ट नाही, भांडण नाही, माझे पाय दाबून देतो, शाळेला निघाला की दारातून दोनदा परत येऊन मला बघून जातो. केमोच्या आदल्या दिवशी त्याचं हमखास पोट दुखतं. मिस्टर म्हणतात लहान आहे, कशाला सांगायचं. सासूबाई सगळ्यांना सांगतात किती समजूतदार. मला मात्र त्याचा समजूतदारपणा बघवत नाही.

उत्तर : तुमची नजर बरोबर आहे, आणि खरं सांगायचं तर त्याला माहितीये. दहा वर्षांचं मूल वाचतं हो. तुमच्या फाईलवर काय लिहिलंय, औषधाच्या दुकानात काय बोलणं झालं, तुम्ही गॅलरीत जाऊन फोनवर कुजबुजता तेव्हा आवाज का बदलतो, सगळं. फक्त त्याला हेही कळलंय की हा विषय घरात काढायचा नाही. म्हणून तो विचारत नाही, पाय दाबतो.

आधी मिस्टरांशी बोला, दोघांनी वेगवेगळं सांगायला नको. मग एखाद्या बऱ्या दिवशी, केमोनंतरचे ते वाईट चार-पाच दिवस सोडून, त्याला जवळ घेऊन कॅन्सर हा शब्द वापरूनच सांगा. 'मला झालेल्या आजाराचं नाव कॅन्सर आहे. आम्ही तुला इन्फेक्शन म्हणालो ते खरं नव्हतं, आमचं चुकलं. औषध चालू आहे, त्या औषधानेच केस गेले आणि उलट्या होतात.' एवढं पुरे, भाषण नको. मुलांच्या पोटात साधारण तीन भित्या असतात आणि त्या ती स्वतःहून बोलत नाहीत, तुम्हीच काढा. हा आजार मला लागेल का, तर नाही, एका ताटात जेवलं तरी नाही. माझ्यामुळे झाला का, तर नाही, तू त्रास दिलास, अभ्यास केला नाहीस, काही काही नाही. (सासूबाईंना हळूच सांगा की 'आईला त्रास देऊ नकोस, बघ तिला बरं नाही' हे वाक्य बंद करायचं. त्या प्रेमानेच म्हणतात, पण मूल त्याचा अर्थ लावतं की माझ्यामुळे आई आजारी.) आणि तिसरी, माझं काय होणार. इथे नावानिशी सांगा, केमोच्या दिवशी डबा आजी करणार, शाळेतून काका आणणार, रात्री बाबा घरी आहेत.

तो विचारेल, आई तू मरणार का. विचारलं नाही तरी तो प्रश्न खोलीत असणारच. 'छे, वेडा आहेस का' म्हणू नका, आणि 'मी बरी होणारच' असं वचनही देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. 'डॉक्टर बरं करायला औषध देतायत आणि मी ते सगळं घेतेय, काही बदललं तर तुला मी स्वतः सांगेन, दुसऱ्याकडून कळणार नाही.' हे शेवटचं वाक्य मात्र पाळावं लागेल बरं का.

काम त्याला द्या, अगदी काढून घेऊ नका, नाहीतर त्याला वाटेल आपण नकोसे झालो. पाण्याची बाटली भरणं, कॅलेंडरवर केमोचा दिवस लाल आणि बरे दिवस हिरवे रंगवणं असं काहीतरी. उलटीचं भांडं, रात्रीची जाग, ताप मोजणं हे मोठ्यांचं. आणि एका दिवसासाठी का होईना त्याला मुद्दाम चिडू द्या, तुमच्या आवडत्या गोष्टीला नाही म्हणू द्या. तो परत एकदा नीट, मनापासून हट्ट करेल ना, भर दुकानात, त्या दिवशी मला कळवा. मी त्या हट्टाच्या नावाने पेढे वाटेन.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आठवीतल्या एका मुलाच्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. आई मजुरीला जाते, वडिलांचं सगळं हा करतो. वर्गात झोपतो, उशिरा येतो. गॅदरिंगमध्ये आम्ही शाल-श्रीफळ देऊन 'आमच्या शाळेचा श्रावणबाळ' म्हणून त्याचा सत्कार केला, तेव्हापासून तो उलट जास्तच गप्प झालाय. आमचं काय चुकलं?

उत्तर : सर, हेतू चांगला होता, पण सत्कारच चुकला. आपण श्रावणाची कावड लक्षात ठेवतो. त्या गोष्टीत आईवडिलांसाठी पाणी आणायला गेलेला मुलगा बाण लागून सगळ्यांच्या आधी मरतो, हे आपण सोयीने विसरतो. स्टेजवर शाल घातल्यावर त्या पोराला 'सर मला झोप मिळत नाही' असं म्हणायची वाट राहिली नाही. शिवाय बापाचं लंगोट बदलणं सगळ्या गावासमोर गेलं. बापालाही काय वाटलं असेल?

पुण्यात स्किझोफ्रेनिया, पार्किन्सन्स यांच्या मदतगटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, मला हे शब्द फार आवडतात. पण तिथे येणारे शुभंकर बहुतेक पन्नाशी-साठीचे, कोणाची बायको कोणाचा भाऊ. तेरा वर्षांच्या शुभंकरासाठी आपल्याकडे खुर्चीच नाही. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने अशा मुलांची गरज तपासणं तिथल्या कौन्सिलला बंधनकारक केलं, आपल्याकडे ते काम सध्यातरी तुमच्यासारख्या मास्तरांवरच येऊन पडतं.

तर करायचं काय. उशीर झाला तर कारण न विचारता आत घ्या, आणि हे वर्गासमोर जाहीर करू नका. पहिला तास झोपला तर झोपू द्या. त्याला एकट्याला विचारा की रात्री किती वेळा उठतोस. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, ते रात्रभर हा करत असेल तर आठवीचं पोर झोपणार कधी? आशाताईंमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, फिजिओथेरपिस्टने एकदा घरी येऊन वडिलांना उचलायची, फिरवायची नीट पद्धत त्याच्या आईला दाखवायला हवी, नाहीतर पोराची कंबर जाईल. हवेची गादी मिळाली तर रात्री उठायच्या खेपा कमी होऊ शकतात, किती ते त्यांनाच विचारा. शाल-श्रीफळाचे पैसे तिकडे लावले असते तर, असो.

पैशाचं म्हणाल तर दोन अर्ज लगेच करा. वडिलांसाठी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजना, अर्धांगवायू त्यात बसतो, आणि त्याआधी अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून घ्या कारण ते पुढे सगळीकडे मागतात. मुलासाठी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजना विचारा, पालकांना गंभीर आजार असलेल्या मुलांनाही त्यात घेतात आणि २०२३ पासून महिना २,२५० रुपये आहेत. फॉर्म त्याच्या हातात देऊन घरी पाठवू नका, आई मजुरीवर असते, कागद तसाच दप्तरात राहील. तुम्हीच एक दिवस बरोबर जा. अडलं तर १०९८ ला फोन करून विचारता येतं.

आणि सहल निघेल तेव्हा त्याला न्या. तो नाही म्हणेल, पैसे नाहीत म्हणेल, पण खरं कारण त्या दिवशी वडिलांकडे कोण हे असणार. ते आधी तुम्ही ठरवा, शेजारचं कोणी, नाहीतर त्याच्या आईची एक दिवसाची मजुरी शाळेने भरून द्या. बसमधनं तो तीन-चारदा घरी फोन करायला मागेल, तुमचा फोन देऊन टाका.